रत्नाबाईचं वारूळ

सुमनबाईच्या रागाला गावात कुणी नावं ठेवत नसे, कारण ठेवणाऱ्याचं नाव पुढचे आठ दिवस तिच्या तोंडी असे. सिहोऱ्याच्या पुढे, जंगलाला पाठ लावून बसलेलं साठ-सत्तर घरांचं हे गाव. सकाळी पहिला आवाज कोंबड्याचा आणि दुसरा सुमनबाईचा. एसटी उशिरा आली की तिला राग. वेळेवर आली आणि ही पोचायच्या आत सुटली, तरी राग. नवरा हिरालाल तर कधीच कानाने अधू झाला होता, आणि ते खरं की सोय म्हणून, हे त्याच्या डॉक्टरलाही ठरवता आलं नव्हतं.

पण गेल्या तीन वर्षांत हे सगळे किरकोळ राग मागे पडले होते. आता एकच मोठा राग तिच्यात ठाण मांडून बसला होता, आणि तो होता अस्वलावर. अस्वलावर, अस्वल ज्यात राहतं त्या जंगलावर, जंगल राखणाऱ्या साहेबांवर, सरपंचावर, रस्त्यावर दिवे नाहीत म्हणून विजेवर. तीन वर्षांपूर्वी श्रावणात तिची धाकटी जाऊ रत्नाबाई सात्या काढायला गेली आणि अस्वलाने तिला फाडली. डावा डोळा गेला, गाल गेला, कपाळापासून मागेपर्यंत केसांची अर्धी चादर गेली. जगली, हेच खूप, असं भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले होते. सुमनबाई त्यांच्यावरही ओरडली होती.

सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या रानछत्र्या. पांढऱ्या, लांब दांड्याच्या, आणि रस्सा असा की लोक त्या दिवशी मटणाकडे पाहत नाहीत. वर्षातून महिनाभर मिळतात, तेही ज्याला वारूळ माहीत त्यालाच. आणि त्याच वारुळातली वाळवी खायला अस्वल येतं. बाईचं आणि अस्वलाचं ताट एकच, असा हा सगळा प्रकार आहे. पण बायकांना जास्त भीती अस्वलाची नव्हती. शेजारणीची होती.

कारण वारूळ कुठे आहे हे एकदा कळलं की संपलं. उद्या तुम्ही जाल तर तिथे नुसती देठं. म्हणून ह्या गावात सात्याला जायचं ते मुकाट्याने. सुमनबाईची सासू देवकाबाई हिने दोघी सुनांना सगळं शिकवून ठेवलं होतं. बांगड्यांवर फडकं गुंडाळायचं. एकमेकींना नावाने हाक मारायची नाही. खोकला आला तर पदर तोंडात कोंबायचा. ज्या वाटेने गेलो त्या वाटेने परत यायचं नाही. "सात्याले हाक आयकू गेली का ते मातीत वापस जाते," देवकाबाई सांगायची.

"मंग ढग गरजते तवा काहून नाई जात?" सुमनबाईने नवी नवरी असताना विचारलं होतं. त्यावर देवकाबाईने जे डोळे वटारले, ते तिला अजून आठवतात. पुढे तिलाही कळलं की हाक सात्याला नाही, माणसांना ऐकू जाते. तरी नियम तिनेही पाळला. सगळ्याच पाळत होत्या.

देवकाबाईला अकरा वारुळं ठाऊक होती. जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं, त्या साली रत्नाबाई धाकटी सून म्हणून घरात आली. पुढे भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा धानाच्या बांध्या वाटल्या गेल्या, भांडी वाटली गेली आणि वारुळंही वाटली गेली. सहा थोरलीला, पाच धाकटीला. रत्नाबाईच्या पाचात तीन येनांच्या झाडांमधलं एक मोठं वारूळ होतं. त्या एकट्या वारुळावर टोपलीभर सात्या निघत. सुमनबाईला वाटे, थोरली मी, रोवणीत म्हातारीच्या जोडीने वाकले मी, आणि येनाचं वारूळ हिला? हा राग तिने कुणाला सांगितला नाही, आणि तिने न सांगितलेला राग हा तेवढाच.

आता यंदाचा श्रावण आला होता. सुमनबाईचा मुलगा धम्मदीप जवाहरनगरला कामावर होता, तिथेच खोली करून राहायचा. गेल्या साली त्याचं लग्न झालं. सून हर्षा तुमसरची, बारावी झालेली, चटकन हसणारी आणि चटकन विचारणारी. खोलीचं काही जमेपर्यंत ती सासूजवळ होती. सुमनबाईचे गुडघे यंदा चढ घेत नव्हते, म्हणून तिने ठरवलं होतं की गुरुवारी सकाळी पोरीला नेऊन पहिली तीन वारुळं दाखवायची. वरची तीन चढावर होती. ती खुणा सांगून तिला एकटीनेच गाठायला लावायची. घरचं धन सुनेच्या हाती द्यायचं, तसं.

आणि बुधवारी दुपारी समाजमंदिरात एका संस्थेचा माणूस आला. जीपमधून आला, गळ्यात कार्ड, हातात यादी. जंगलात जाणाऱ्यांसाठी घरटी एक वस्तू फुकट मिळणार होती, जी हवी ती निवडायची. टेबलावर त्याने चार वस्तू मांडल्या. शिटी. डोक्यामागे बांधायचा माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा. मिरचीच्या फवाऱ्याचा डबा. आणि वरच्या टोकाला घुंगरं बांधलेली एक काठी.

सगळं गाव जमलं होतं. रत्नाबाई दाराजवळ बसली होती, पदर डाव्या बाजूने ओढून. ती अशी कुठे फारशी येत नसे. सुमनबाई नेहमीप्रमाणे पुढे, टेबलाला जवळजवळ चिकटून.

"हे का होय?" तिने फवाऱ्याचा डबा उचलला.

"ताई, अस्वल समोर आलं की हे दाबायचं. तिखट फवारा उडतो. दहा-पंधरा हातांवरून त्याच्या तोंडावर मारायचा."

"एका हातात टोपली. दुसऱ्या हातात विळा. ह्याले का दातात धरू? अन वारा इकडून आला त माह्याच डोळ्यात. मंग अस्वलाले सांगू का, थांब बाप्पा, डोळे धुऊन येतो?"

लोक हसले. तो माणूसही हसला, आणि तिथेच चुकला. सुमनबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू असताना हसणाऱ्याला ती सोडत नसे.

"हासून राहिला तू? इथं बाईचं तोंड गेलं, अन तू हासून राहिला? अन हे तोंड कायले आनलं?" तिने मुखवटा त्याच्या नाकासमोर नाचवला. "हे वाघाचं औषध. वाघ मागून येते, म्हनून मागं तोंड लावा. अस्वल समोरून येते. समोरून! रत्नाले पाह्य ना. तिले मागून फाडलं का समोरून?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. रत्नाबाईने पदर जरासुद्धा हलवला नाही. उरलेल्या एका डोळ्याने ती सुमनबाईकडे पाहत होती, आणि सुमनबाईने नजर टेबलाकडे वळवली.

"जाऊ असावी त अशी," मागून कौशल्याबाई म्हणाली. गोमाजी पाटलांची बायको, मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. "तीन वर्स झाले, भांडून राहिली बिचारी रत्नासाठी."

हे वाक्य सुमनबाईने तीन वर्षांत शंभर वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. लोकांना वाटायचं, जावेच्या दुःखाने पेटते. पेटायची ती दुसऱ्याच गोष्टीने.

त्या श्रावणात, अस्वलाने रत्नाला फाडलं त्याच्या आदल्या दिवशी, सुमनबाई येनाच्या वारुळावर गेली होती. स्वतःच्या सहांपैकी एकावरही नाही, जावेच्या वारुळावर. नुसतं पाहायला, असं मनाशी म्हणत गेली आणि दोन मुठी सात्या ओटीत घातल्या. ही पहिली वेळ नव्हती. मग वारुळाच्या पलीकडे गेली तर माती ताजी उकरलेली, ओली. नखांच्या लांब रेघा. हात जाईल एवढं भोक, आणि भोकाच्या तोंडाशी वाळवी अजून उघड्यावर वळवळत होती. म्हणजे खाणारा नुकताच उठून गेला होता, किंवा गेलाही नव्हता. सुमनबाई जी पळत सुटली ती घरी येऊन पाण्याचा तांब्या संपेपर्यंत बोलली नाही.

संध्याकाळी रत्ना आपल्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. म्हणाली, उद्या येनाकडे जाणार. सुमनबाईच्या ओठावर आलं होतं, नको जाऊ. पण त्यावर रत्नाने विचारलं असतं, काहून? आणि तुमाले कसं ठाऊक? सुमनबाई एवढंच म्हणाली, "उशिरा जा. दव पडते." आणि आपल्या घरात निघून गेली. सकाळी साडेसहाला गुराख्यांनी रत्नाला खाटेवर घालून आणलं.

जंगलवाल्यांच्या ऑफिससमोर सगळ्यात मोठ्याने ओरडली ती सुमनबाईच. ओरडताना आतलं ऐकू येत नाही, हे तिला तिथे कळलं. मग ती तीन वर्षं थांबलीच नाही.

तर समाजमंदिरात तो संस्थेचा माणूस आता जरा सावरून बोलत होता. "ताई, तुमचं बरोबर आहे. मुखवटा वाघासाठीच आहे, इथे वाघही येतो म्हणून आणला. अस्वलाचं वेगळं. खाण्यात गुंग असलं की त्याला तुमची चाहूल लागत नाही. तुम्ही गुपचूप जाता आणि एकदम समोर उभ्या राहता. ते दचकतं आणि अंगावर येतं. लांबून आवाज आला तर ते आधीच बाजूला होतं. म्हणून ही घुंगराची काठी सगळ्यात चांगली. चालताना वाजवत जायची. बोलत जायचं, गाणी म्हणायची. चौघी-पाचजणी मिळून जायचं."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्या एकदम हसल्या.

"वाजवत? सात्याले?" कौशल्याबाई म्हणाली. "मंग माह्या मागं सारं गाव येईन ना गा! सात्या का तू आनून देशील?"

"पण जीव मोठा की..."

"तुह्या घरी सात्या होत नाई, म्हनून तू बोलून राहिला."

आणि मग निवड सुरू झाली. एकेक बाई उठली, टेबलापाशी गेली आणि मुखवटा घेऊन आली. दुसरी गेली, तिनेही मुखवटा घेतला. पार्वताबाईने शिटी उचलली, तोंडाला लावून पाहिली, आवाज ऐकून दचकली आणि परत ठेवली. तिनेही मुखवटाच नेला. त्या माणसाची गंमत वाटावी इतका तो गोंधळला. "अहो, पण हा वाघासाठी आहे. तुमच्याकडे त्रास अस्वलाचा आहे!"

"असू दे," पार्वताबाई म्हणाली. "चूप राहते हे."

सबंध गावाने अस्वलाशी लढायला काय निवडलं, तर जे आवाज करत नाही ते. आणि ज्या बाईने त्या मुखवट्याचे भर सभेत वाभाडे काढले होते, तिने काय घेतलं? यादीत सुमनबाईच्या नावापुढेही मुखवटाच लिहिला गेला. तो घेताना ती कुणाशी बोलली नाही. दाराशी रत्नाबाईच्या अंगावरूनच जावं लागलं. तिथेही बोलली नाही.

घरी आली तर हर्षाला तो मुखवटा म्हणजे खेळ झाला. तिने तो डोक्यामागे बांधला आणि भाजी चिरायला बसली. सुमनबाई चुलीकडून वळली तर सुनेच्या वेणीवरून एक मिशीवाला गोरा चेहरा तिच्याकडे टक लावून पाहत होता.

"आत्याबाई," हर्षाने विळीवरून न उठता विचारलं, "अस्वल समोरून येते म्हनलं तुमी. मंग ते समोरून आलं, त मी पाठ फिरवू का?"

पोर थट्टेत विचारत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. उद्या सकाळी ही पोर वरच्या वारुळांवर एकटी जाणार, बांगड्यांवर फडकं गुंडाळून, खोकला पदरात कोंबून, पाठीवर हे मिशीवालं तोंड लावून. कारण हिच्या सासूने तसं ठरवलं आहे. आणि हिची सासू कोण, तर जिला सगळं ठाऊक आहे.

सुमनबाईला जो राग आला तो तीन वर्षांतला पहिला खरा राग. तिने मुखवटा ओढून काढला, त्यात हर्षाचे चार केसही आले. "हात धू," म्हणाली, आणि चपला न घालता बाहेर पडली.

संस्थेचा माणूस जीपमध्ये सामान भरत होता. घुंगराच्या काठ्यांचा अख्खा गठ्ठा जसा आणला तसाच बांधलेला. सुमनबाईने त्यातली एक उपसली आणि मुखवटा त्याच्या छातीवर आपटला.

"ताई, यादीत तुमच्या नावापुढे..."

"खोड ते," ती म्हणाली आणि चालायला लागली. काठी प्रत्येक पावलाला वाजत होती. लोक दारात येऊन पाहू लागले. ती रत्नाबाईच्या ओसरीपाशी थांबली.

रत्नाबाई खांबाला टेकून बसली होती. सुमनबाई उभीच राहिली. तिला बसायचं धाडस झालं नाही.

"मीनं पाहिलं होतं," ती म्हणाली. "आदल्या दिवशी. येनाच्या वारुळाले अस्वलानं ताजं उकरलं होतं. मी तेथी गेली होती, तुह्या सात्या काढाले. म्हनून तुले सांगितलं नाई. सांगितलं असतं त चोरी उघडी पडली असती. एवढंच होतं, रत्ना. एवढ्यासाठी."

रत्नाबाईने पदर खाली सोडला. तिचा तो चेहरा उघडा, दिवसाच्या उजेडात, सुमनबाईने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

"चोरी मले ठाऊक होती," रत्नाबाई म्हणाली. "त्या साली दोनदा देठं भेटले होते मले. तुमी देठ पिरगाळून काढता, मी विळ्यानं कापतो. अन त्या सांजेले तुमी म्हनलं, उशिरा जा. मी समजली. मी उशिरा जाईन अन तुमी लवकर जाऊन घेऊन जासाल. म्हनून उजाडाच्या आत गेली मी. तुमाले पकडाले. झुडपात दबून बसली, हू का चू केलं नाई. मंग पावलं वाजले. मले वाटलं, तुमी आल्या. मी उठून उभी झाली."

सुमनबाईच्या हातातली काठी वाजली. तिने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली, तरी घुंगरं थांबेनात.

"तीन वर्स झाले, तू चिल्लावून राहिली," रत्नाबाई म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदा ती थोरल्या जावेला 'तू' म्हणत होती. "जंगलवाल्यावर, सरपंचावर, डॉक्टरवर. सारं गाव तुले चांगली म्हनते. मी इथं बसून आयकून राहिली. म्हनलं, आज बोलंल, उद्या बोलंल. आज बोलली, ते बी सुनेची पाळी आली तवा. माह्यासाठी नाई बोलली तू."

"नाई," सुमनबाई म्हणाली. खोटं बोलण्यात आता काही अर्थ नव्हता.

"माफी मांगू नको. मी नाई देत."

"नाई मांगत."

रत्नाबाईने पदर परत ओढून घेतला. "जंगलात आवाज पायजे ना? उद्या जाशील तवा हेच चिल्लावत जा, मले आत्ता सांगितलं ते. सारे सात्याचे दिवस, रोज. माह्या ओसरीवरून मी आयकीन. नाई आयकू आलं, त समजीन का तू पोरीले बी चूप नेलं."

गुरुवारी उजाडलं तेव्हा गावाच्या शेवटच्या घराशी बऱ्याच बायका जमल्या होत्या. टोपल्या काखेत, बांगड्यांवर फडकी, डोक्यामागे तेच ते मिशीवाले चेहरे. एकमेकींपासून लांब लांब उभ्या, कोण कुठल्या वाटेने वळते ते चोरून पाहत. त्यांच्यामधून घुंगरं वाजत आली. पुढे सुमनबाई, अनवाणी. मागे काठी घेऊन हर्षा. पोरीला रात्री कुणी काहीच सांगितलं नव्हतं. तिला फक्त एवढंच माहीत होतं की काठी वाजवणं थांबवायचं नाही.

जंगलाची वाट सुरू होते तिथे सुमनबाई थांबली. गावभर पोचणारा तो आवाज, एसटीच्या कंडक्टरला घाम फोडणारा, आज घशातून निघेना.

"तीन येनाचं वारूळ रत्नाचं होय," ती म्हणाली. "सात्या मीनं चोरल्या. अस्वल उकरून गेलं ते मीनं पाहिलं होतं. तिले सांगितलं नाई."

कौशल्याबाईच्या हातातली टोपली खाली आली. हर्षाची काठी थांबली आणि तिला आठवण होऊन पुन्हा वाजू लागली. एवढ्यात मागून, दूर रत्नाबाईच्या ओसरीवरून आवाज आला.

"आयकू नाई येऊन राहिलं!"

सुमनबाईने डोळे पुसले नाहीत. तिने छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, सांगायला सुरुवात केली.